हुडकायचं, पण खणायचं नाही: मुलांना घेऊन बीड जिल्ह्यात जिओकॅशिंग

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं त्यांच्यासाठी.)

कोणी एसटीत असेल, कोणी शेतात, कोणी पुण्यातल्या रूमवर भांडी घासत ऐकत असेल.

आजचा भाग घरातल्या दादा-ताईंसाठी, मामा-मावशी-काकांसाठी आहे. म्हणजे सुट्टीला गावी गेलात की ज्यांच्या मागे सहा-सात पोरं लागतात आणि "मोबाइल द्या ना" म्हणून जीव खातात, त्यांच्यासाठी. आज मी म्हणणार आहे, द्या मोबाइल. पण पोरांनी तो हातात धरून दोन किलोमीटर चालायचं. या खेळाचं नाव जिओकॅशिंग.

यातल्या 'कॅश'चा पैशाशी संबंध नाही बरं का. हा वेगळा शब्द आहे, अर्थ लपवून ठेवलेला साठा. जगात कुठेतरी कोणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना सांगतो, आणि बाकीचे फोनवरच्या जीपीएसनं तो डबा हुडकतात. डब्यात एक वही असते. सापडला की नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसाच ठेवायचा आणि घरी यायचं. संपला खेळ.

"मग मिळालं काय?" असं आजी विचारणारच. त्या प्रश्नावरच आजचा भाग आहे.

हे सुरू कसं झालं

जीपीएस ही मुळात अमेरिकेच्या लष्कराची व्यवस्था. सामान्य माणसाला मिळणाऱ्या सिग्नलमध्ये ते मुद्दाम चूक मिसळायचे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी ती भेसळ बंद झाली आणि एका रात्रीत सगळ्यांची यंत्रं अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे २००० ला, ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं एक बादली रानात ठेवली. आत वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू. आकडे इंटरनेटवर टाकले. काही दिवसांत लोकांनी ती शोधूनही काढली. आज जवळपास सगळ्या देशांत मिळून असे तीस लाखांच्या आसपास डबे आहेत.

तसा हा खेळ त्याहून जुना आहे. इंग्लंडच्या डार्टमूर भागात १८५४ पासून लोक माळावर पेटी ठेवतात आणि पोचलेला माणूस त्यात आपली चिठ्ठी टाकायचा. जीपीएसनं फक्त पत्ता सोपा केला.

खेळायला काय लागतं? एक स्मार्टफोन आणि मोफत खातं. 'जिओकॅशिंग' नावाचं अधिकृत अ‍ॅप आहे, अँड्रॉइडवर 'सी-जिओ' नावाचं दुसरं मोफत अ‍ॅपही आहे. नकाशा उघडा आणि आपल्या आसपास काय आहे ते बघा. पुण्या-मुंबईकडे ठिपके जास्त, आपल्याकडे नकाशा मोकळा मोकळा. त्यानं नाराज होऊ नका. नकाशा मोकळा असला की खेळ आपणच रचायचा, आणि पोरांना खरी मजा रचण्यातच येते. कसा रचायचा तेही सांगतो.

आपल्याकडे 'खजिना' म्हटलं की

आधी एक अवघड गोष्ट बोलून घेऊ. मराठवाड्यात कोणी जुन्या गढीजवळ, पडक्या देवळामागे, किल्ल्याच्या बुरुजाखाली दगड हलवताना दिसला की लोकांच्या मनात एकच शब्द येतो: गुप्तधन.

आणि तो उगाच येत नाही. गुप्तधनाच्या नादात समाध्या उकरल्या, नंदी फोडले, गढ्यांच्या भिंती पोखरल्या, अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. त्यासोबत येणारे मांत्रिक, पायाळू माणसाच्या गोष्टी आणि त्याहून भयंकर प्रकार आपल्याला ठाऊक आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे, तो त्यामुळेच. आणि समजा जमिनीत खरंच काही सापडलं, तर १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हंडा सापडला आणि घरी नेला, असं होत नाही.

आता गंमत बघा. जिओकॅशिंगच्या नियमांत एक ठळक नियम आहे: डबा जमिनीत पुरायचा नाही, आणि शोधतानाही खणायचं नाही. कुदळ नको, फावडं नको, दगड फोडणं नको. वस्तू उचललीत तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. डबा जागेवर राहतो. पुढचा येणारा तुम्हाला माहीतही नसतो, त्याच्यासाठी तो राहतो.

म्हणजे गुप्तधनाचा खेळ बरोबर उलटा केला की जिओकॅशिंग होतं. आठ वर्षांच्या पोराला तुम्ही "जुन्या वास्तूंची जपणूक करावी" असं भाषण दिलंत तर ते जांभई देईल. पण तेच पोर स्वतः डबा शोधतं, वहीत आपलं नाव लिहितं आणि डबा परत ठेवतं, तेव्हा एक गोष्ट त्याच्या हाताला कळते. शोधायची म्हणून काही गोष्ट असते, आणि ती घरी न नेताही आपल्याला मिळते. आजीच्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

आणि उदाहरणासाठी लांब जायला नको. बीड शहरापासून काही किलोमीटरवर खजाना बावडी आहे. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबत खानानं बांधलेली. नावात खजिना, आत पाणी. मोट नाही, मोटार नाही, केवळ जमिनीच्या उतारावर भुयारी नहरीतून ते पाणी बीडकडच्या शेतांना जायचं. दुष्काळातही पाणी धरून ठेवणारी अशी तिची ख्याती आहे. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या जिल्ह्यात पोरांना विचारा, "याला खजाना का म्हणत असतील?" उत्तर तुम्ही देऊ नका. त्यांना देऊ द्या.

लपून खेळू नका

परदेशात या खेळात एक रीत आहे: न खेळणाऱ्या लोकांच्या नजरेत यायचं नाही. त्यांना हे खेळाडू 'मगल' म्हणतात, हॅरी पॉटरमधला शब्द. गुपचूप डबा काढायचा, गुपचूप ठेवायचा.

ही रीत आपल्याकडे आणू नका. कारण स्पष्ट सांगतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार केलं. भटक्या समाजातली माणसं होती, भिक्षा मागायला आलेली. मागे होती व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा. अनोळखी माणसं, सोबत पोरं, हातात फोन आणि झुडपात शोधाशोध. हे चित्र लांबून कसं दिसेल, याचा विचार आपणच करायचा.

म्हणून आधी सांगा. शेतकऱ्याला, पुजाऱ्याला, सरपंचांना, चहाच्या टपरीवाल्याला. "काका, काय हुडकताय?" असं कोणी विचारलं तर सरळ फोन दाखवा: "पोरांचा खेळ आहे, तुम्हीपण या." दहातल्या नऊ वेळा काकाच पुढे होतात आणि अ‍ॅपमध्ये नसलेली माहिती सांगायला लागतात. ही बारव कोणाची, हा दगड कशाचा, पाणी कुठवर चढलं होतं. तो तर बोनस. आणि गावातल्या अनोळखी लेकरांना चॉकलेट वाटत बसू नका, हेतू चांगला असला तरी. खेळात घ्यायचं असेल तर त्यांच्या घरच्यांना विचारून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे बेवारस डबा. एसटी स्टँडवर आपण रोज ऐकतो, बेवारस वस्तूला हात लावू नका. त्यामुळे स्टँड, रेल्वे स्टेशन, शाळा, सरकारी कार्यालय, परळी वैजनाथसारखं गर्दीचं देवस्थान, इथे डबा ठेवायचाच नाही. संशयास्पद वस्तू समजून परदेशात अशा डब्यांसाठी बॉम्बशोधक पथकं धावलेली आहेत. डबा पारदर्शक घ्या आणि वर ठळक मराठीत लिहा: "हा मुलांच्या खेळाचा डबा आहे. उघडून बघा, परत ठेवा."

अंबाजोगाईचा एक दिवस

आता रचायचं कसं ते. समजा तुमचं घर किंवा शेत अंबाजोगाईच्या आसपास आहे. सोबत चार-पाच पोरं, सात ते तेरा वयाची.

पहिला नियम: ऐतिहासिक वास्तूत डबा ठेवायचा नाही. लेण्यात नाही, देवळात नाही, समाधीजवळ नाही. डबा एकच, तोही आपल्या मालकीच्या जागेत. आपल्या शेताच्या बांधावर, आखाड्यावर किंवा घराच्या अंगणात. बाकीच्या ठिकाणी फक्त प्रश्न ठेवायचे. प्रश्नांची उत्तरं आकड्यांत येतील, आणि ते आकडे जोडले की डब्याचा पत्ता तयार होईल. या प्रकाराला जिओकॅशिंगमध्ये 'मल्टी-कॅश' म्हणतात.

आदल्या दिवशी तुम्ही एकट्यानं फिरून उत्तरं तपासायची. मग पत्ता कागदावर असा लिहायचा: अक्षांश १८ पूर्णांक, पुढे पाच घरं. त्यातली दोन भरलेली, तीन रिकामी. रिकाम्या घरांना क, ख, ग नावं द्या. रेखांश पूर्ण लिहून द्या, नाहीतर पोरं दमतील.

'क' साठी हत्तीखान्याला जा. डोंगरात कोरलेली लेणी आहेत, मधल्या अंगणात नंदीमंडप आहे आणि दगडी हत्ती आहेत. प्रश्न: हत्ती किती? आकडा मी सांगणार नाही, जाऊन मोजा. हात न लावता, अंगावर न चढता.

'ख' साठी मुकुंदराजांच्या समाधीकडे. 'विवेकसिंधु' शके १११० मध्ये लिहिला असं सांगतात. प्रश्न दोन भागांत. आधी शकाचं इसवी सन करा, म्हणजे ७८ मिळवा. येतात ११८८. आता त्या चार अंकांची बेरीज करा: अठरा. अठराच्या दोन अंकांची पुन्हा बेरीज: नऊ. हे गणित सातवीतल्या ताईनं करायचं आणि तिसरीतल्या भावानं तपासायचं.

'ग' साठी दासोपंत. सोळाव्या-सतराव्या शतकातले हे संतकवी अंबाजोगाईचेच. कागदाऐवजी कापडावर लिहिलेली त्यांची 'पासोडी' प्रसिद्ध आहे. प्रश्न: 'पासोडी' या शब्दात अक्षरं किती? तीन. छोट्यांसाठी मुद्दाम सोपा ठेवलाय, कारण रांगेतल्या सगळ्यात लहान पोरालाही एक घर भरता आलं पाहिजे. नाहीतर ते रुसतं आणि अख्खी सहल त्याच्यामागे फिरते.

आता भूगोलाच्या पुस्तकात कधी न कळलेली एक गोष्ट इथे कळते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतरचं तिसरं घर म्हणजे १११ मीटर, चौथं म्हणजे ११ मीटर, पाचवं म्हणजे जेमतेम एक मीटर. तिसऱ्या घरात एकाची चूक झाली की अख्खी टोळी शेजाऱ्याच्या उसात! पोरं परत येऊन स्वतःच हत्ती पुन्हा मोजतात. कोणी ओरडावं लागत नाही.

फोनचं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं, झाडाखाली किंवा घळीत जास्त चुकतं. म्हणजे शेवटचे काही पाऊल फोन खिशात आणि डोळे उघडे. आणखी एक: जीपीएसला इंटरनेट लागत नाही. ते उपग्रहांकडून येतं, सुमारे वीस हजार किलोमीटरवरून. फक्त नकाशा घरच्या वायफायवर आधी डाऊनलोड करून ठेवा. घाटात रेंज गेली तरी निळा ठिपका चालत राहतो, आणि तो बघून पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

डबा नको, प्रश्न पुरे

जिथे डबा ठेवणं योग्य नाही तिथेही खेळ होतो. 'अर्थकॅश' नावाचा प्रकार आहे. त्यात डबा नसतोच, जागेवर जाऊन जमिनीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं. आपला जिल्हा यासाठी उत्तम. बालाघाटचे डोंगर म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा आहे. सुरक्षित अंतरावरून कड्याकडे बघा आणि विचारा: थर किती दिसतात? कोणता थर जास्त झिजलाय? पाणी नेमकं इथेच का पडतं? शहरात कंकालेश्वर आहे, चहूबाजूंनी पाण्यात उभं असलेलं देऊळ. काठावरून प्रश्न: पाण्याची खूण दगडावर कुठवर आहे? मागच्या खेपेला कुठे होती? वर्षातून दोनदा गेलात आणि वहीत लिहिलंत, तर पोरांच्या हातात पाण्याची स्वतःची नोंद तयार होते.

जिवाला जपा

आता न हसता ऐका.

एक, बिळात, कपारीत, दगडाखाली हात घालायचा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्याकडे आहेत, विंचू वेगळे. आपण खेळ रचतोय ना, मग डबा कमरेच्या उंचीवर, दिसेल असा ठेवा. आधी मोठ्यानं काठीनं बघायचं, मग पोरांनी पुढे व्हायचं. पायात बूट. चावलंच तर मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना.

दोन, बारव, विहीर, धबधबा, तलाव. इथे शोधाशोध नाही, फक्त बघणं. प्रत्येक दोन लहान पोरांमागे एक मोठा माणूस, आणि त्यानं फोनकडे बघायचं नाही.

तीन, ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी सातला निघा, दहाच्या आत सावलीत. खरा हंगाम पावसाळा ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत.

डब्यात काय ठेवायचं? वही, पेन्सिल (पेन उन्हात सुकतं), भोवरा, गोट्या, खोडरबर, चिंचोके. खाऊ ठेवायचा नाही, दुसऱ्या दिवशी मुंग्यांचं संमेलन भरतं. काडेपेटी, ब्लेड, औषधं तर नाहीच. आणि येताना वाटेतला कचरा एका पिशवीत भरून आणायचा. जगभरचे खेळाडू हे करतात.

सांभाळणार कोण?

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. तुमचा डबा अधिकृत नकाशावर टाकायचा असेल तर स्वयंसेवक तो तपासतात. जागेच्या मालकाची परवानगी लागते, दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर अंतर लागतं. आणि डबा सांभाळणारा माणूस जवळ लागतो. सुट्टीला आलो, डबा ठेवला आणि निघून गेलो, हे सहसा मान्य होत नाही.

हा नियम ऐकला की आपल्या जिल्ह्याचं चित्र डोळ्यांसमोर येतं. शिकलेली पोरं पुण्याला. ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत. इथे राहतो कोण? आजी-आजोबा आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरं. मग डब्याची मालकी त्यांना द्या ना. तुमच्या गावातल्या भाच्याला, पुतणीला सांगा: "हा डबा तुझा. महिन्यातून एकदा बघायचा, वही ओली झाली तर बदलायची, कोणी नाव लिहिलं तर मला फोन करायचा."

आपल्या लेकरांना लहानपणापासून एक गोष्ट कानावर पडत असते: इथे काही नाही, शिक आणि बाहेर जा. जावंच लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या पोराकडे स्वतःच्या गावातला एक बिंदू सांभाळायला आहे, आणि एखाद दिवशी नांदेडचं, नाशिकचं, नाहीतर जर्मनीचं कोणी त्या वहीत सही करून गेलंय, त्या पोराला "इथे काही नाही" हे वाक्य पटणं जरा अवघड जाईल.

तर या रविवारी एवढंच करा. घराच्या अंगणापासून सुरुवात. एक डबा, एक वही, पाच घरांचा पत्ता आणि तीन प्रश्न. खर्च पन्नास रुपयांच्या आत. तुमच्या गावातली कोणती जागा प्रश्नासाठी चांगली आहे ते आम्हाला कळवा. डब्याचा पत्ता मात्र सांगू नका, तो हुडकू द्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर चालत राहा, बघत राहा, आणि जिथलं तिथे ठेवा. नमस्कार!